अक्कांची दुपारची गोळी

आमच्या सासरी काही मागायचं असेल तर दुपारची जेवणं उरकल्यावर मागायचं, असा रिवाज होता. आणि मागितलेलं मिळालं म्हणून लगेच उड्या मारायच्या नाहीत, कारण दिवेलागणीला ते हटकून परत घेतलं जायचं. लग्न होऊन राजेश्वर गावात आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच ठेचा खाऊन शिकले.

देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या एकच. अक्का. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतल्या, धाकट्या भावाला लहानाचा मोठा केला, त्याचं लग्न लावलं, भावजय गेल्यावर त्याची पोरंही वाढवली. सडकेला लागून आमचं किराणा दुकान आणि मागं राहायचं घर. दुकानात सासरे बसायचे, पण किल्ल्या अक्कांच्या कमरेला. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. मिशा अशा की नवं गिऱ्हाईक दबकून उभं राहायचं, आणि हा माणूस स्वतःसाठी पटका घ्यायचा तरी आत येऊन विचारायचा, "अक्का, घेऊ का?" आमचे हे तर त्यांचेच चिरंजीव. बापाला न विचारता शिंकही यायची नाही.

तर या अक्कांना गुडघेदुखी. बसल्या की उठवत नसे, उठल्या की बसवत नसे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, एका वैद्यानं केव्हातरी त्यांना अफूची गोळी लावून दिली होती. रोज जेवणानंतर मुगाएवढी एक. त्या काळी ठेक्याच्या दुकानात अफू उघड मिळायची. आता गंमत बघा. आमचं घर लिंगायताचं, कडक. शिंदी प्यालेला माणूस दुकानाच्या पायरीला टेकला तर अक्का पायरी धुऊन काढायच्या. चहा पिणारा माणूससुद्धा त्यांच्या लेखी निम्मा वाया गेलेला. पण गोळीला कोणी नशा म्हटलं की संपलं! "औषधाय ते. गळ्यात लिंग बांधून मी नशा करीन व्हय?"

गोळी करायचं काम घरच्या सुनेचं, म्हणजे माझं. डबीतून चिमटीभर अफू घ्यायची, गुळात मळायची, तुपाचं बोट लावायचं. गोळी दिली की मी दाराशी गहू निवडायच्या निमित्तानं बसायची आणि अक्कांकडं बघत राहायची. मला फार मौज वाटे. आधी त्यांचं नाक खाजायला लागायचं. दोन्ही हातांनी चोळायच्या. मग पापण्या जड व्हायच्या, कपाळावरची आठी सुटायची, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या अशा बारीक व्हायच्या की बघता बघता मोहरीएवढ्या. तोंडाला कोरड पडायची म्हणून सारखं पाणी मागायच्या, पण मागायच्या कशा, "पाणी दे गं माझे बाय." सकाळी हीच बाई "पाणी!" एवढंच ओरडलेली असायची. पोट मात्र गच्च बसायचं. त्यासाठी दर शनिवारी एरंडेल, आणि शनिवारी सकाळी अप्पासुद्धा मागच्या दारानं दुकानात जायचे.

दुपारी त्यांच्यापाशी सगळा गाव यायचा. कोणाला उधार हवं, कोणाला बी हवं. सगळ्यांना सगळं मिळायचं. पण माझ्या नणंदेनं हद्दच केली. मंठाळला दिलेली ती. एकदा दुपारच्या वेळी अक्कांच्या गळ्यात पडून तिनं त्यांची पुतळ्यांची माळ मागितली आणि अक्कांनी काढून दिली की! संध्याकाळी गुंगी उतरली, हात गळ्याकडं गेला, आणि जो काय थयथयाट झाला, विचारू नका. दुसऱ्या दिवशी अप्पांना मंठाळला धाडलं. पोटच्या पोरीच्या गळ्यातली माळ काढून आणताना त्यांचं तोंड कसं झालं असेल ते त्यांनाच ठाऊक. माळ पेटीत गेल्यावर अक्कांनी सगळ्यांना पुढ्यात बसवलं. "ऐका. अफूत बोललेलं म्या बोलले न्हाई. ते अफू बोलली. शुद्धीत दिलेला शब्द मातर मोडायची न्हाई, गळ्यातल्या लिंगाची आण." तेव्हापासून घरात हाच कायदा.

आणि या कायद्यात मी अडकले.

मी निलंग्याकडची, सातवी पास. आमच्यात तेव्हा सातवी पास मुलगी म्हणजे लोक दारातून डोकावून बघायचे. पोलीस अॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आधी सगळं उर्दूत, आता गावोगावी मुलींच्या शाळा निघायला लागल्या आणि शिकवायला बाईमाणूस मिळेना. कल्याणीच्या शाळेच्या मोठ्या बाई एकदा साखर घ्यायला म्हणून दुकानात थांबल्या. मी पुडीच्या कागदावरचा मजकूर उभ्या उभ्या वाचत होते तो त्यांनी पाहिला. म्हणाल्या, बीदरला वर्षभराचं ट्रेनिंग आहे, राहायची सोय आहे, परत आलीस की इथंच गावात शाळेवर घेते. त्या रात्री मला झोप नाही. मला ते हवं होतं. आयुष्यभर गहू निवडत दाराशी बसायचं नव्हतं मला.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "अप्पाला विचार." अप्पा म्हणाले, "अक्काला विचार." सकाळी अक्कांना विचारलं तर पळीच उगारली. "कामून? हितं खायला कमी पडायलंय का तुला? सून बीदरला जाऊन ऱ्हाती म्हणं! लोक शेण घालतील तोंडात." दुपारी विचारलं तर म्हणाल्या, "जा गं लेकरा. शीक. मोठी हो." दिवेलागणीला, "कोण म्हणालं? म्या? अफू म्हणाली आसंल." असं एकदा नाही, कितीदा तरी. मोठ्या बाई दोन वेळा येऊन हात हलवत गेल्या. मग त्यांनी निरोप धाडला की गुरुवारी दुपारी शेवटची येते, घरच्यांचा होकार तोंडानं ऐकला तरच पुढं, नाहीतर जागा दुसरीला. कल्याणीहून दुपारचीच बस होती हो मेली! सकाळी एकही सोयीची नव्हती. दुपारी अक्का होकार देणार आणि संध्याकाळी तो बुडणार, हे मला लख्ख दिसत होतं.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात कनात लागली. मोहिनीविद्येचे प्रोफेसर आले होते. अंगात काळा कोट, डोळ्यांत सुरमा, भाषा निम्मी मराठी निम्मी दखनी. ते माणसाला नुसत्या बोलण्यानं झोपवतात आणि दुखणं पळवतात अशी आवई उठली, म्हणून अक्काही गुडघे धरत निघाल्या. बायकांसाठी एका बाजूला धोतरं बांधून पडदा केला होता. पडद्याला भोकं होतीच.

प्रोफेसरांनी आधी एका शिपायाला डोळ्यांत बघायला लावून गुंगवलं आणि आंबा म्हणून कच्चा कांदा खायला दिला. त्यानं तो कोय चोखावी तसा चोखला. मग एक गाडीवान पुढं आला. शिंदीसाठी गावभर नावाजलेला. त्याला झोपवून पेलाभर साधं पाणी दिलं आणि सांगितलं, "पिओ, ताजी शिंदी हाय." गडी प्याला, मिशी पुसली, आणि उठला तो झोकांड्या खातच! जीभ जड झाली, डोळे तांबारले, आणि सरपंचाला मिठी मारून रडायला लागला की राव. लोक हसून हसून लोळले. प्रोफेसर म्हणाले, "देखो भाई, अर्धी नशा मडक्यात ऱ्हाती, अर्धी माणसाच्या डोक्यात."

"ढोंग हाय समदं," अक्का म्हणाल्या.

मग प्रोफेसरांनी सगळ्यांनाच बोटांत बोटं अडकवून डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, आता बोटं चिकटली, जेवढी ओढाल तेवढी घट्ट. डोळे उघडून बघते तर बाकीच्या बायका हात सोडवून खुसुखुसु हसायल्यात, आणि आमच्या अक्का मात्र ओढायल्यात! दात ओठ खाऊन ओढायल्यात. शेजारणीनं मदत करायला हात लावला तर तिलाच कोपरानं ढोसलं. शेवटी प्रोफेसरांना पडद्यापाशी येऊन म्हणावं लागलं, "माई, छोडो, सुटली बोटं," तेव्हा सुटली. घरी जाताना अक्का मला दरडावून म्हणाल्या, "अंगठी अडकली होती." त्यांच्या बोटात अंगठी कुठली? पण मी म्हटलं, "व्हय अक्का."

त्या वाटेवरच माझ्या डोक्यात किडा वळवळला. घरी येईस्तोवर त्याचा साप झाला.

गुरुवारी सकाळी मी गोळी केली. नुसती गुळाची. अफू कडू असते म्हणून काडेकिराइताची पूड मळली. रंग यावा म्हणून गूळ थोडा करपवला. आणि अफूच्या डबीत ती जेवणं होईपर्यंत झाकून ठेवली, म्हणजे वास लागावा. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

अक्कांनी गोळी जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "आज जरा कडक केलीस." आणि मी दाराशी गहू घेऊन बसले.

थोड्या वेळानं काय व्हावं? नाक खाजायला लागलं! गुळानं! मी तोंडात पदर कोंबला. मग पापण्या उतरल्या, आठी सुटली, "पाणी दे गं माझे बाय" झालं. पाणी देताना मी वाकून डोळ्यांत बघितलं. खोलीत अंधार होता आणि बाहुल्या चांगल्या मोठ्या, हरभऱ्याएवढ्या. म्हणजे अफूचा कण पोटात नव्हता. बाकी सगळा साज मात्र अक्कांनी आपला आपणच चढवला होता.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. अप्पा दुकानातून उठून आत आले, हे दाराच्या चौकटीला टेकून उभे. बाईंनी विचारलं आणि अक्का भिंतीला पाठ लावून सावकाश बोलायला लागल्या. रोजच्यासारखं नुसतं "जा लेकरा" नाही. म्हणाल्या, "बाई, मला अक्षर येत न्हाई. दुकानाचा हिशोब म्या चिंचोके मांडून शिकले. तम्माला शाळंत सोडायला जायचे, मास्तर हाकलायचा मला खिडकीपासून. ही पोरगी हुशार हाय. तोंडाळ हाय, पर हुशार हाय. घेऊन जा हिला. मधीच पळून आली तर म्या उंबरा चढू देणार न्हाई." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आमचे अप्पा. ते खाली बघायला लागले. ही गोष्ट त्यांनीही कधी ऐकली नव्हती असं मला वाटतं. माझे तर गहूच सांडले. मोठ्या बाई दूध पिऊन परतीच्या बसनं गेल्या.

सूर्य कलला आणि अक्कांना जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. अप्पा म्हणाले, "सर्दी झाली, सुंठ द्या." सुंठ दिली. मग अंगावर काटा यायला लागला, थंडी नसताना. पिंढऱ्या वळायला लागल्या. एक पाय धरावा तर दुसरा वळायचा. इथं मात्र माझी मजा संपली. गाडीवानाला पाणी पाजून झिंगवता येतं हे मी पाहिलं होतं, पण रोजची अफू एक दिवस चुकली तर अंग असं पिळवटून निघतं हे त्या प्रोफेसरानं काही दाखवलं नव्हतं.

अक्का काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "गोळीत काय घातलीस?"

मी अप्पांकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. हे आधीच चौकटीमागं निम्मे गेले होते.

"काडेकिराईत," मी म्हटलं. "आणि गूळ."

"अफू?"

"न्हाई."

अक्कांनी नाक पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "येड्यात काढलीस व्हय मला? डोस्कं फसलं गं, हाडं न्हाई फसली."

"तुम्हीच म्हणाला होता," मी म्हटलं, "अफूतलं धरायचं न्हाई, शुद्धीतलं धरायचं. आज तुम्ही शुद्धीत होता. सगळं शुद्धीत बोललात."

"त्या बाईला हुशार हाय म्हणाले, ते?"

"तेबी."

"खिडकीचं?"

"तेबी अक्का."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता ते कशाचं हे सांगता येण्यासारखं नव्हतं, नाक तर केव्हाचं गळत होतं. पुन्हा पिंढरी वळली आणि त्या कळवळल्या. मला बघवेना. डबी काढली, खरी गोळी केली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. ठेवताना मला पक्कं ठाऊक होतं की मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय. ही पोटात गेली की पुढं त्या काय वाट्टेल ते बोलतील, आणि उद्या सकाळी पळी घेऊन सगळं नाकबूल करायला मोकळ्या. आधी कबूल करा मग गोळी देते, असं म्हणायला हवं होतं. पण त्यांचे पाय बघून माझ्यानं म्हणवलं नाही.

अक्कांनी गोळी तोंडात टाकली नाही. मुठीत धरली. अंगभर शहारे, दात वाजायले, तरी त्या भिंतीला धरून उठून बसल्या आणि ओरडल्या, "तम्मा! हिकडं ये. पोरा, तूबी ये, चौकटीमागं काय लपायलास!" दोघं समोर येऊन उभे राहिले. "ऐका. आजून गोळी घ्यायची हाय. सोमवारच्या बसनं ही पोरगी बीदरला जायली. तिची पेटी तू उचलायची, पोरा. लोक काय बोलतील ते माझ्याकडं धाडून द्या. शब्द दिलाय." मग मूठ उघडली आणि गोळी गिळली.

मी त्यांचे पाय दाबत बसले. कितीतरी वेळ गेला. हळूहळू पिंढऱ्या सैलावल्या, शहारे बसले, नाक खाजायला लागलं. चिमणीच्या उजेडात बाहुल्या बारीक होत गेलेल्या दिसल्या. मला इतकं सुख झालं होतं की पेटीत काय काय भरायचं हेच मनात चाललं होतं. तेवढ्यात अक्कांनी माझा हात धरला. दुपारच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "जाऊ नको गं."

मी दुसऱ्या हातानं त्यांचे पाय दाबत राहिले.

"दुपारी माझ्याकडं समदे मागायला येतेत गं. तू नुसती बघत बसतीस. मला कळतं ते. डोळे मिटले तरी कळतं. आता दाराशी कोण बसंल?"

मला हुंदकाच आला. एवढा वेळ जे रडू आलं नव्हतं ते सगळं आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला, त्यांना झोप लागेपर्यंत सोडला नाही, आणि सोमवारी सकाळच्या बीदरच्या बसमध्ये बसले. पेटी ह्यांनी उचलली. अक्का बाहेर आल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखत होते. दुपार व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.